होडीवर छप्पर, मोठं इंजिन आणि उंच कठडा: करू की नको?

कागदीहोडी

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. सांभाळून घ्या.

माझ्याकडे प्लायची एक होडी आहे. लांबी ३.८ मीटर, रुंदी १.३ मीटर, प्लाय ६ मिमी, सांध्यांना इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) आणि काचतंतूंची पट्टी. मोकळी होडी साधारण ७५ किलो भरते. तिघेजण बसतो, मासे धरतो, परत येतो. वल्ही आहेत आणि मागे ५ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. होडी सेकंडहँड घेतलीय, मी बांधलेली नाही.

आता सुट्टीत तीन गोष्टी करायच्या मनात आहेत.

ऊन फार लागतं, म्हणून पाईपच्या सांगाड्यावर छप्पर. उभं राहता येईल एवढं उंच, म्हणजे तळापासून १.९ मीटर.

लाट आली की पाणी आत येतं, म्हणून कडेची उंची १२ सेमीने वाढवायची.

आणि ५ च्या जागी १५ हॉर्सपॉवरचं इंजिन. मित्राकडे पडून आहे, स्वस्तात देतोय.

सुतारकाम बरं जमतं. पण होडी म्हणजे टेबल नव्हे एवढं कळतं, म्हणून आधी विचारतोय. कुठे चुकतोय ते सांगा.

बुडबुडा

वर मजला काढायचा राहिला का? :ड

रंधेकरी

@बुडबुडा, पहिल्यांदा लिहितोय बिचारा, जरा दमाने.

कागदीहोडी, करवत हातात घेण्याआधी विचारलंस हेच निम्मं काम झालं. बाकीचे लोक भोक पाडून झाल्यावर येतात. दोन गोष्टी सांग. तळ सपाट आहे की पुढून मागे केळ्यासारखा वाकलेला? आणि मागच्या आडव्या फळीची, ट्रान्समची, उंची किती?

कागदीहोडी

तळ आडवा सपाट आहे, पण लांबीत चांगलाच वाकलेला. मागचं टोक पाण्याच्या जरासं वरच असतं. ट्रान्सम १५ इंच.

वल्हेवाली

मग १५ हॉर्सपॉवर विसरा. कारण सांगते.

तळ मागे वर वळलाय याचा अर्थ ही होडी पाणी कापत जाणारी आहे, पाण्यावर घसरत जाणारी नाही. अशा होडीच्या वेगाला तिची पाण्यातली लांबीच लगाम घालते. पाण्यातली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, २.४३ ने गुणा, की नॉटमध्ये वेग मिळतो. तुमची पाण्यातली लांबी ३.४ मीटर धरली तर साधारण ४.५ नॉट, ताशी आठ किलोमीटरच्या जरा वर. तिथे पोचल्यावर होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते. पुढे नाळेपाशी एक लाट, मागे शेपटीला दुसरी, आणि होडी मधे. त्यापुढे कितीही ताकद लावा, शेपूट खाली बसतं, नाक आभाळाकडे जातं, पेट्रोल जळतं. वेग मात्र फारसा वाढत नाही.

खरं तर तुमचं ५ चं इंजिनही जास्तच आहे. शांत पाण्यात २-३ हॉर्सपॉवर या होडीला पुरे.

घसरणाऱ्या होडीचा तळ मागच्या तिसऱ्या हिश्शात लांबीला अगदी सरळ लागतो, पट्टी लावली तर उजेड दिसू नये इतका. तिथे तळ वर वळलेला असेल तर वेगात होडी बेडकासारखी उड्या मारते. उलट तिथे खळगा असेल तर नाक खाली दाबते. तळ बदलायचा म्हणजे नवी होडी बांधायची.

बुडबुडा

आणि वजन? चार-स्ट्रोक १५ चं इंजिन ५० किलोच्या आसपास भरतं. ५ चं त्याच्या निम्मं. म्हणजे सगळ्यात मागच्या टोकाला एक शाळकरी पोरगं कायमचं लटकवून ठेवल्यासारखं.

(मला पण गंभीर बोलता येतं बरं का.)

उलांडी

इंजिनाचं वल्हेवाली ताईंनी सांगितलंच. मी छपराबद्दल बोलतो, कारण माणसं मरतात ती छपराने. जरा लांबण लागेल.

होडी उलटते की नाही हे एकूण वजनावर ठरत नाही, वजन किती उंचीवर आहे त्यावर ठरतं. होडी कलली की कललेल्या बाजूचा भाग जास्त बुडतो, पाणी तिथून वर ढकलतं आणि होडी सरळ होते. हा सरळ करणारा जोर मुख्यतः रुंदीतून येतो, आणि रुंदीच्या घनाने वाढतो. रुंदी १० टक्के वाढली तर तो आधार ३३ टक्के वाढतो. त्याच्या विरुद्ध बाजूला असतो गुरुत्वमध्य, म्हणजे सगळ्या वजनाचा मध्यबिंदू. तो जितका वर, तितका हा आधार खाल्ला जातो. या दोघांमधलं जे अंतर शिल्लक उरतं त्याला मेटासेंट्रिक उंची म्हणतात. आपण इथे नुसतं ‘शिल्लक’ म्हणू. शिल्लक शून्यावर आली की होडी सरळ उभी राहायचं नाव घेत नाही.

तुझ्या होडीचा अंदाज करू. होडी ७५, तीन माणसं २१०, इंजिन २५, पेट्रोल आणि सामान ४०. एकूण ३५० किलो. सगळे बसलेले असताना गुरुत्वमध्य तळापासून ४५ सेमीवर धरतो. पाण्याच्या रेषेवरची रुंदी १.१ मीटर असावी. माझ्या कच्च्या हिशोबाने तुझी शिल्लक २० सेमीच्या आसपास येते.

आता खर्च बघ. छप्पर, पाईप, कापड मिळून १४ किलो धरू, १.९ मीटर उंचीवर. गुरुत्वमध्यापासून ते १.४५ मीटर वर. १४ गुणिले १.४५, भागिले नवं एकूण वजन ३६४. उत्तर साडेपाच सेमी. २० पैकी साडेपाच गेले, अजून कोणी हललंसुद्धा नाही.

छप्पर उभं राहण्याएवढं असलं की माणसं उभी राहणारच. ७० किलोचा माणूस उभा राहिला की त्याचा मध्य साधारण ३५ सेमी वर जातो. ७० गुणिले ०.३५ भागिले ३५०, म्हणजे ७ सेमी. दोघे उभे राहिले की १४. छपराचे साडेपाच मिळव. झाले साडेएकोणीस.

वारा अजून हिशोबात धरलेला नाही. छपराचं कापड म्हणजे वाऱ्याला दिलेला लांब दांडा.

रंधेकरी

उलांडी, तुझा हिशोब पटतो, पण पाण्याच्या रेषेवरची रुंदी तू मनाने धरलीस. ती १० सेमीने चुकली तर सगळं इकडचं तिकडे होईल, घन आहे तो. मोजून घ्यायला सांग की.

उलांडी

सांगणारच होतो. शिल्लक थेट मोजता येते, त्यासाठी नकाशा लागत नाही. ओळंबा, फूटपट्टी आणि पाण्याचे दोन कॅन, बस.

वारा नसताना, शांत पाण्यात, होडी सैल बांधून ठेव. दोघे-तिघे मध्यरेषेवर, नेहमीच्या बाकांवर बसा आणि दगडासारखे स्थिर राहा. होडीत एक मीटर दोरीचा ओळंबा टांग, त्याचं वजन बादलीतल्या पाण्यात बुडव म्हणजे झुलत बसणार नाही. मागे आडवी पट्टी ठेव. आता मध्यरेषेवरचे दोन कॅन, मिळून २० किलो, बरोबर अर्धा मीटर बाजूला सरकव. दोरी किती सेमी सरकली ते वाच. मग दुसऱ्या बाजूला सरकवून पुन्हा वाच आणि सरासरी घे.

२० किलो गुणिले अर्धा मीटर म्हणजे १०. त्याला एकूण वजनाने भाग. मग दोरी जितकी सरकली (मीटरमध्ये, दोरी एक मीटरचीच असेल तर) त्याने भाग. आलेलं उत्तर म्हणजे शिल्लक, मीटरमध्ये.

आणि एक, आत तळाशी साचलेलं पाणी आधी पूर्ण उपसून टाक. ५० लिटर मोकळं पाणी म्हणजे ५० किलोचा असा प्रवासी जो नेहमी कललेल्या बाजूलाच धावतो. आकडा खोटा येईल.

बुडबुडा

हे वाचून ती वासा आठवली. स्वीडनची युद्धनौका, १६२८. निघण्याआधी बंदरातच ३० खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेला पळवून बघितलं. जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणीच थांबवली. चाचणी थांबवली, जहाज नाही थांबवलं. पहिल्याच सफरीत सव्वा-दीड किलोमीटरच्या आतच आडवी झाली. वरच्या मजल्यांवर नको तितक्या तोफा.

कागदीहोडी

उलांडी दादा, काल केलं. बायको, भाऊ आणि मी बसलो. कॅन सरकवणारा मीच असल्यामुळे पहिल्या वेळी माझंच वजन हललं आणि ओळंबा पार पट्टीबाहेर गेला. मग कॅन फळीवर ठेवून, काठावर उभ्या मित्राकडून दोरीने ओढून घेतले.

एकूण वजन कॅनसकट ३५० किलो. दोरी एका बाजूला १३.५ सेमी, दुसरीकडे १४.५. सरासरी १४.

१० भागिले ३५० भागिले ०.१४, बरोबर ना? ०.२०४ आलं.

उलांडी

वीस सेमी. अंदाज इतका जुळेल असं मलाही वाटलं नव्हतं, यात नशिबाचा भाग आहे हे कबूल करतो.

वल्हेवाली

भाऊ आणि बायको ओळंब्याकडे बघत अर्धा तास गप्प बसले, त्यांचा सत्कार करा आधी.

कागदीहोडी

:)

म्हणजे छप्पर बाद. कठडा तरी वाढवू ना? की तोही बाद?

उलांडी

कठडा उलट चांगला. दोन्ही बाजूंना १२ सेमीची ६ मिमी प्लायची पट्टी आणि वर लाकडाची नवी कड मिळून ६-७ किलो होतील, आणि तेही गुरुत्वमध्यापासून फार वर नाहीत. शिल्लक अर्धा सेमीसुद्धा कमी होत नाही. होडी किती कलल्यावर पाणी आत शिरतं तो कोन मात्र चांगलाच वाढतो. तुझ्या तिन्ही इच्छांपैकी हीच खरी कामाची.

वल्हेवाली

थांबा थांबा. कडेबरोबर वल्ह्यांचे आकडेही (वल्हं ज्यात अडकवतो ते) १२ सेमी वर जातील, त्याचं काय?

वल्ह्याचा आकडा बसायच्या बाकापासून १८ ते २३ सेमी वर हवा. त्याहून वर गेला तर हात छातीशी येतात, दहा मिनिटांत खांदे भरतात. मग माणूस काय करतो? बाक उंच करतो. तिन्ही बाक १२ सेमी वर घेतले तर उलांडींच्याच हिशोबाने २१० गुणिले ०.१२ भागिले ३५०, सात सेमी खर्च! कठड्याने वाचवलं ते बाकाने घालवलं. मी हे स्वतः केलंय. आधीच्या होडीला हौसेने कड वाढवली, मग बाक वाढवले, आणि मग होडी ‘पूर्वीसारखी वाटत नाही’ म्हणून दोन वर्षं रडत होते. का वाटत नाही ते कोणी सांगितलं नव्हतं.

बाक आहेत तिथेच ठेवा. कडेला वल्ह्यापुरती खाच ठेवा, किंवा आकड्यासाठी आतल्या बाजूला जुन्या उंचीवर ठोकळा बसवा. आकडा बाकाच्या मागच्या कडेपासून, म्हणजे होडीच्या शेपटीकडे, साधारण ३० सेमीवर हवा.

वल्ह्याची लांबीही तपासा हातासरशी. दोन आकड्यांमधल्या अंतराचं निम्मं अधिक ५ सेमी हा आतला भाग. त्याला २५ ने गुणून ७ ने भागा, पूर्ण लांबी मिळते. १२२ सेमी अंतर असेल तर २३६ सेमी. बहुतेकांची वल्ही आखूड असतात आणि ते दोष होडीला देतात.

ओलंपोतं

धागा मस्त चाललाय, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. होडी लहान वाटते म्हणून मधून कापून अर्धा मीटर तुकडा घालता येतो का? व्हिडिओत बघितलं होतं.

रंधेकरी

येतो, मोठ्या जहाजांनाही करतात. पण त्यांच्या मधल्या भागाच्या बाजू समांतर असतात. लहान होडीची बाजू मधेही वळलेली असते. सरळ तुकडा घातला की दोन्हीकडे वळण मोडतं आणि नेमक्या त्या मोडावर ताण येतो. शिवाय लांब होडी मधे जास्त वाकते, म्हणून कणा आणि कड दोन्ही जाड करावे लागतात. प्लायच्या होडीत जुनी जाळून नवी बांधण्याएवढेच कष्ट पडतात. नको.

कागदीहोडी, आता तुझ्या कठड्याचं सुतारकाम.

पट्ट्या २.४४ मीटरच्या शीटमधून निघणार, म्हणजे सांधा लागणारच. टोकाला टोक भिडवून मागे ठिगळ मारू नकोस, तिथे वळण चपटं पडतं. दोन्ही टोकं तिरपी रंध. जाडीच्या आठपट उतार घे. ६ मिमीला ४८, पन्नास धर. आधी पातळ इपॉक्सी पाज, लाकडाला पिऊ दे, मग घट्ट केलेलं लावून दाब. पण पिळून काढू नकोस. नव्या माणसाचे सांधे तुटतात ते क्लॅम्प जास्त आवळल्यामुळे, सगळा गोंद बाहेर आलेला असतो.

जुन्या कडेवरचा रंग लाकूड दिसेपर्यंत खरवड. रंगावर चिकटवलेलं रंगाला चिकटतं, होडीला नाही.

इपॉक्सी वाळल्यावर वर मेणचट थर येतो तो पॉलिशपेपरने घासू नकोस, आत जातो. साध्या पाण्याने आणि खरखरीत काथ्याने धुऊन काढ, मग घास.

ओलंपोतं

इपॉक्सी महाग पडतं. पॉलिएस्टर रेझिन का नाही? फायबरच्या होड्या त्याच्याच असतात की.

रंधेकरी

त्या अख्ख्या फायबरच्याच असतात, तिथे पॉलिएस्टर पॉलिएस्टरलाच धरतं. लाकडाला ते नीट धरत नाही. दोन-तीन वर्षांत पापुद्रा सुटतो, आत पाणी बसतं आणि बाहेरून होडी चकाचक दिसते.

बुडबुडा

असहमत. माझी प्लायची डिंगी पॉलिएस्टरवर नऊ वर्षं चाललीय.

रंधेकरी

झाकून ठेवतोस, दर वर्षी रंगवतोस आणि वर्षातून चारदा पाण्यात घालतोस. शोकेसमधल्या बाहुलीचा दाखला देऊ नकोस.

बुडबुडा

चारदा नाही, सहादा.

रंधेकरी

भोकांचं राहिलं. होडी कुजते ती भोकापासून. माझ्या पहिल्या होडीच्या ट्रान्समला मी इंजिनाचे बोल्ट सरळ प्लायमधून घातले, बाहेरून सिलिकॉन फासलं. तिसऱ्या वर्षी इंजिन सुरू करायला दोरी ओढली आणि ट्रान्समची वरची कड बिस्किटासारखी हातात आली. आत काळा चिखल.

तेव्हापासून पद्धत अशी. बोल्ट ८ मिमीचा असेल तर भोक १४ मिमीचं पाड. मागून टेप लाव, ते भोक घट्ट इपॉक्सीने काठोकाठ भर, वाळल्यावर त्याच्या मधोमध ८ चं भोक पाड. बोल्ट प्लायला शिवतच नाही, पाणी गळलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच.

पाण्याखाली, ओल्या लाकडात गाडलेलं स्टेनलेस भरवशाचं नसतं. त्याला चमकत राहायला प्राणवायू लागतो, तो मिळाला नाही की फटीत आतून खात जातं. खाली सिलिकॉन ब्राँझ बरं, वर स्टेनलेस चालेल.

कागदीहोडी

बोल्टचं वाचून आत्ताच खाली जाऊन ट्रान्समला स्क्रूड्रायव्हर टोचून आलो. एका ठिकाणी अर्धा इंच आत गेला. :(

रंधेकरी

अभिनंदन. काठावर सापडलं, पाण्यात नाही.

टोचत जा आणि जिथे लाकूड टणक लागेल तिथून पुढे ५ सेमीपर्यंत कापून काढ. कुजक्यावर पातळ इपॉक्सी ओतून ‘घट्ट’ करण्याचे सल्ले मिळतील, ट्रान्समला ते चालत नाहीत, इंजिनाची सगळी ओढ तिथेच येते. नवे थर एकावर एक चिकटव. आणि कोपऱ्यातले गुडघे, ट्रान्समला तळाशी जोडणारे ते तिकोनी तुकडे, तेही बघ.

वल्हेवाली

ट्रान्सम उघडताच आहात तर उंची १५ इंचच ठेवा. २० इंची दांड्याचं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून लावलंत तर पंखा पाच इंच नाहक खोल जाईल आणि ओढ वाढेल. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या पातळीत किंवा फार तर इंचभर खाली असावी. जास्त वर गेली तर पंखा हवा खातो, नुसता आवाज.

कागदीहोडी

तीन आठवड्यांनी परत आलो. ट्रान्सम झाला, कठडा झाला. १५ चं इंजिन मित्राला परत. छपराऐवजी बसल्यावर डोक्यावर येईल असं घडीचं कापड केलंय, १.२ मीटर उंच, सगळं मिळून ६ किलो. हिशोब केला, सव्वा सेमी खर्च. वारा आला की पाडून टाकायचं.

आता शेवटचं. होडी पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून थर्माकोल भरायचा विचार आहे. तळाच्या फळ्यांखाली भरपूर पोकळी आहे, तिथे भरू?

उलांडी

तिथे सोडून कुठेही भर.

पाणी भरलेल्या होडीत फोम तळाशी असेल तर तो वर यायला बघतो आणि होडी पालथी होते. फोम कडेला, बाजूच्या बाकांखाली, जितका वर आणि बाहेर जाईल तितका चांगला. तो होडीला दोन्ही काखांत धरून ठेवतो. एक लिटर फोम म्हणजे जवळपास एक किलो आधार. २ मीटर लांब, २५ सेमी रुंद, १५ सेमी उंच असा खोका ७५ लिटरचा. दोन बाजूंना दोन, दीडशे. लाकूड स्वतः तरंगतंच, तेव्हा हे इंजिन आणि सामान पेलून माणसांना धरायला पुष्कळ.

थर्माकोल पेट्रोलने विरघळतो आणि पॉलिएस्टर रेझिनच्या नुसत्या स्पर्शाने वितळतो, म्हणजे बुडबुडासाहेबांच्या डिंगीत चालणार नाही. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, पॉलिथिलिन फोम घे. खोका पूर्ण सील करू नकोस, झाकण उघडतं ठेव. पाणी कुठून ना कुठून शिरतंच, ते बाहेर यायला वाट हवी.

आणि मग होडी कमरेएवढ्या पाण्यात नेऊन मुद्दाम भर. इंजिन काढून त्याच्या जागी तेवढंच वजन बांध. काठोकाठ भरल्यावर एका कडेला लोंबकळ.

कागदीहोडी

भरली. लाइफ जॅकेट घालून, दोघे काठावर उभे ठेवून.

उलटली नाही! पण शेपूट पार खाली, ट्रान्सम पाण्याखाली आणि नाळ वर. खोके बाकांच्या मापाने मधे बसवले होते, ते ४० सेमी मागे सरकवले आणि सामानाचा डबा पुढे नेला. दुसऱ्यांदा भरली तेव्हा ट्रान्समची कड चार बोटं पाण्याबाहेर राहिली. भाऊ आत बसून बादलीने उपसू शकला, २० मिनिटं लागली. पहिल्या वेळी जितकं बाहेर टाकत होता तितकं मागून आत येत होतं.

ट्रान्समला खाली पाणी सोडायला भोक ठेवू का? काठावर ओढल्यावर आतलं पाणी निघत नाही.

रंधेकरी

ठेव. १४ मिमीवाली पद्धत इथेही, फक्त मापं मोठी. स्क्रूचं बूच घे आणि आतून दोरीने होडीला बांध.

बुडबुडा

आणि पाण्यात ढकलण्याआधी ते लावलंय का बघ. कसं माहीत विचारू नकोस.

वल्हेवाली

सहादापैकी कितव्यांदा?